आधी फी, मग शिष्यवृत्ती

बारावीचा निकाल लागला की घरात हिशोब सुरू होतो. फी किती, वसतिगृह किती, आणि एवढे पैसे आणायचे कुठून? शिष्यवृत्तीची आठवण साधारण याच वेळी होते. कुणी शेजारी एखाद्या योजनेचं नाव सांगतो, कुणी मामा व्हॉट्सअ‍ॅपवर यादी पाठवतो, आणि मग मुलगा किंवा मुलगी मोबाइलवर महाडीबीटी हे राज्याचं शिष्यवृत्ती पोर्टल उघडून बसते. माझं म्हणणं असं, की तोवर बराच उशीर झालेला असतो. अर्जाची तारीख गेलेली नसते, तिला तर बहुतेक वर्षी मुदतवाढ मिळते. उशीर झालेला असतो तो कागदपत्रांना, आणि प्रवेश घेताना केलेल्या निवडीला. महाराष्ट्रात उच्च शिक्षणासाठीच्या योजना थोड्या नाहीत, रकमाही किरकोळ नाहीत. पण मदत हाती पडणार की नाही, यातलं निम्म्याहून अधिक अर्जाचा पहिला रकाना भरण्याआधीच ठरून गेलेलं असतं.

प्रवेशाच्या मार्गाचंच बघा. अभियांत्रिकीसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती ही राज्याची मोठी योजना आहे. कॉलेजात तिला अजूनही सगळे ‘ईबीसी’च म्हणतात. खुल्या प्रवर्गातल्या ज्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत आहे, त्या मुलांचं निम्मं शिक्षण शुल्क आणि निम्मं परीक्षा शुल्क सरकार भरतं. मात्र अशा अभ्यासक्रमांना ही सवलत केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून, आलेल्यांनाच आहे. व्यवस्थापन कोट्यातून जागा घेतली की हक्क संपला. अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठंही योजनेच्या बाहेर आहेत. दोन-चार गुण कमी पडले म्हणून घाईघाईनं एखाद्या चकचकीत खासगी विद्यापीठात प्रवेश घेतलेल्या मुलांचे पालक सप्टेंबरात शिष्यवृत्तीची चौकशी करायला येतात, तेव्हा त्यांना सांगण्यासारखं काही उरलेलं नसतं. कॉलेजची नुसती फी बघून तुलना करू नये. सवलत वजा जाता फी किती उरते, ते दोन्हीकडचं मांडून बघावं.

याहून कमी लोकांना माहीत असलेली सोय म्हणजे शिक्षण शुल्क माफीच्या जागा. कॉलेजात यांना टीएफडब्ल्यूएस म्हणतात. एआयसीटीईच्या या योजनेत प्रत्येक शाखेत मंजूर संख्येच्या ५ टक्क्यांपर्यंत जादा जागा असतात. ८ लाखांपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या कुटुंबातलं मूल त्यांवर गेलं, की शिक्षण शुल्क पूर्ण माफ होतं. या जागेसाठी नंतर वेगळा अर्ज करायचा नसतो. कॅपचा पसंतीक्रम भरतानाच त्या निवडाव्या लागतात, आणि त्यासाठी कागदपत्रांच्या पडताळणीच्या वेळीच उत्पन्नाचा दाखला हातात असावा लागतो. पसंतीक्रम भरताना ज्याच्याजवळ दाखला नाही, त्याला ही जागा नाही, मग घरची परिस्थिती कशीही असो. या जागांचा कटऑफ वर जातो हे खरं. तरीही चांगले गुण असलेल्या गरीब घरातल्या मुलासाठी याच्याइतकी सरळ दुसरी मदत नाही, कारण इथे पैसे आधी भरून परतीची वाट बघायची नसते.

मुलींच्या बाबतीत २०२४ मध्ये मोठा बदल झाला. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आर्थिकदृष्ट्या मागास, ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. उत्पन्नाची मर्यादा तीच, ८ लाख. कॅपमधून प्रवेशाची अटही तीच. ‘मुलींना शिक्षण मोफत’ एवढंच ऐकून आलेल्या पालकांची कॉलेजच्या खिडकीपाशी निराशा होते, म्हणून हे नीट समजून घ्यायला हवं. खासगी व्यावसायिक कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, आणि त्यात शिक्षण शुल्क व विकास शुल्क असे वेगळे भाग असतात. माफी आहे ती शिक्षण शुल्काला. समजा एका कॉलेजची फी १ लाख १० हजार आहे, त्यातलं शिक्षण शुल्क १ लाख आणि विकास शुल्क १० हजार. ईबीसीतल्या मुलाला ५० हजारांची सवलत मिळेल आणि ६० हजार भरावे लागतील, मुलीला १० हजार भरावे लागतील. वसतिगृह, खानावळ, पुस्तकं, लॅपटॉप, गावाकडे जायचं एसटीचं भाडं हे सगळं दोघांनाही वेगळं. तरीसुद्धा हा निर्णय मला फार महत्त्वाचा वाटतो. ज्या घरात एकाच मुलाच्या फीची सोय होऊ शकते, तिथे आजवर भावाचं अभियांत्रिकी आणि बहिणीचं बीए असा निवाडा न बोलता व्हायचा. आता निदान फीचं कारण देता येणार नाही.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठीची भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती या सगळ्यांत जुनी. ती १९४४ पासून सुरू आहे. २.५ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर फीबरोबर निर्वाह भत्ताही मिळतो. उत्पन्न त्याहून जास्त असेल तर राज्याच्या ‘फ्रीशिप’मधून शिक्षण आणि परीक्षा शुल्क मिळतं. हे दुसरं अनेकांना ठाऊकच नसतं. वडिलांना नोकरी आहे म्हणजे आपल्याला काही नाही, असं समजून मुलं अर्जच करत नाहीत.

आता कागदांकडे वळू. खरी लढाई इथेच होते.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा लागतो. सेतू केंद्रात किंवा आपले सरकार पोर्टलवर अर्ज करायचा, सोबत तलाठ्याचा उत्पन्नाचा अहवाल किंवा नोकरदारांसाठी फॉर्म १६, आणि स्वयंघोषणापत्र. दाखला एका वर्षाचा मिळतो तसा तीन वर्षांचाही मिळतो. ज्यांना चार वर्षं शिकायचं आहे त्यांनी तीन वर्षांचा घेऊन ठेवणं शहाणपणाचं, कारण काही कामांना तोच लागतो. दाखल्याची वैधता बहुधा ३१ मार्चला संपते, त्यामुळे मागच्या वर्षीचा जुना दाखला जूनमध्ये कामाला येत नाही. एप्रिल उजाडला की नव्या दाखल्याच्या मागे लागावं. जूननंतर त्याच केंद्रावर सगळ्या तालुक्याची रांग लागते.

‘उत्पन्न’ म्हणजे काय, यावरूनही खूप गोंधळ होतो. नॉन-क्रिमी लेयर प्रमाणपत्रासाठी उत्पन्न बघताना आईवडिलांचा पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. उत्पन्नाच्या दाखल्यात मात्र पगार, शेती, दुकान सगळं येतं. त्यामुळे एकाच घरात, एकाच वर्षी, नॉन-क्रिमी लेयर प्रमाणपत्र असू शकतं आणि उत्पन्नाचा दाखला ८ लाखांच्या वरचाही असू शकतो. त्यात कुणी खोटं केलेलं नसतं. पहिल्या कागदानं आरक्षणाची जागा मिळते, दुसऱ्यानं सवलत. एक आहे म्हणून दुसरा असेलच असं धरून चालू नये.

सगळ्यात जास्त वेळ खाते ती जात पडताळणी. जातीचा दाखला उपविभागीय अधिकाऱ्यांकडून मिळतो, पण राखीव जागेवरच्या व्यावसायिक प्रवेशाला जिल्हा समितीचं वैधता प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातले पुरावे द्यावे लागतात: आजोबा-पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, गाव नमुना, जन्म-मृत्यू नोंद, वंशावळ. हे पुरावे किती जुने असावेत याच्या तारखाही ठरलेल्या आहेत. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, आणि इतर मागास व विशेष मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. या तारखेआधी ते कुटुंब महाराष्ट्रात राहत होतं हे दाखवायचं असतं. आता ज्या समाजाची पोरं आजोबांच्या पिढीपर्यंत शाळेतच गेली नाहीत, ज्यांची पालं दर महिन्याला गाव बदलत होती, त्यांच्याकडे १९६१ च्या आधीचा लेखी पुरावा कुठून यायचा? ज्यांच्यासाठी योजना आहे त्यांनाच तिचा कागद मिळवणं सर्वांत अवघड जातं. हे मला मनापासून अन्यायाचं वाटतं. पण नियम बदलेपर्यंत एवढंच सांगता येतं, की या कामाला अकरावीतच लागावं. विज्ञान शाखेच्या मुलांचे अर्ज कॉलेजमार्फत बारावीत असतानाच घेतले जातात. घरात काका, आत्या, चुलतभाऊ कुणाचीही वैधता आधी झाली असेल तर त्याची प्रत जोडावी. वडिलांकडच्या रक्ताच्या नातेवाइकाची वैधता हा फार भक्कम पुरावा समजला जातो.

नावांतला फरक हे आणखी एक दुखणं. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर स्वतःचं नाव आधी. एकीकडे ‘भाऊसाहेब’, दुसरीकडे ‘भाऊ’. ही तफावत आधी आधार केंद्रावर जाऊन मिटवावी. पोर्टलवर अर्ज अडकल्यावर ती मिटवायला गेलं, तर अर्जही थांबतो आणि बँकेचं कामही.

अर्ज स्वतः फारसा कठीण नाही. महाडीबीटीवर आधारच्या ओटीपीनं नोंदणी करायची, प्रोफाइल भरायचं, मग पात्र योजनांची यादी दिसते. नंतरचा प्रवास मात्र लांबचा. अर्ज आधी कॉलेजच्या क्लार्ककडे जातो, मग प्राचार्यांच्या लॉगिनला, मग संबंधित विभागाकडे. कुठेही त्रुटी निघाली की अर्ज ‘सेंड बॅक’ होतो, म्हणजे दुरुस्तीसाठी तुमच्याकडे परत येतो. बहुतेकांची मदत इथेच बुडते. अर्ज भरला, पोचपावतीची प्रिंट काढली, फाइलला लावली आणि काम झालं असं वाटलं. तीन महिन्यांनी कळतं की अर्ज डिसेंबरातच परत आला होता, त्यात फक्त कॅपचं वाटपपत्र अस्पष्ट होतं. एसएमएस येतो खरा, पण ज्या नंबरवर येतो तो सिम कधीच बंद झालेला असतो. अर्ज भरल्यावर दर पंधरा दिवसांनी लॉगिन करून स्थिती बघत राहावी. कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागातल्या क्लार्कशी ओळख ठेवावी. एका क्लार्ककडे शेकडो अर्ज असतात. समोर येऊन नम्रपणे विचारणाऱ्या मुलाचा अर्ज तो वर काढतो, हा अनुभव सगळीकडचा आहे. पैसे मंजूर झाल्यावर पोर्टलवर ‘रिडीम’ करायला सांगितलं असेल, तर तेही विसरू नये.

पैसे जाणार कुठे, यातही एक खोच आहे. खात्याला आधार जोडलेलं असणं वेगळं आणि ते खातं एनपीसीआयच्या नोंदीत सरकारी लाभासाठी लागलेलं, म्हणजे ‘सीड’ झालेलं, असणं वेगळं. एका आधार क्रमांकावर असं एकच खातं असतं, आणि शेवटचं सीडिंग ज्या बँकेत झालं तिथे पैसे जातात. अर्जात एका बँकेचं खातं लिहिलंय, मध्ये कुठल्या तरी मोबाइल ॲपवर नवं खातं उघडलंय आणि तेच सीड झालंय, असं हल्ली सर्रास होतं. पैसे बुडत नाहीत, पण ते कुठे गेले याचा शोध घेण्यात महिना जातो. आधारच्या संकेतस्थळावर सीडिंगची स्थिती दोन मिनिटांत दिसते. दुसरं, शाळेत असताना उघडलेलं कमी कागदपत्रांचं ‘स्मॉल अकाउंट’ असेल तर त्यात वर्षभरात १ लाखापेक्षा जास्त जमा होऊ शकत नाही आणि शिल्लक ५० हजारांवर जाऊ शकत नाही. पूर्ण केवायसी करून ते साधं बचत खातं करून घ्यावं, नाहीतर फीची मोठी रक्कम अडकू शकते.

अनुसूचित जातींच्या शिष्यवृत्तीत २०२१-२२ पासून आणखी एक बदल आहे. केंद्राचा ६० टक्के हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो, राज्याचा ४० टक्के हिस्सा वेगळा. खात्यात मोठी रक्कम दिसली की घरात दुसरी निकड उभी राहते, दवाखाना असतो, बी-बियाणं असतं. पण त्यातला फीचा भाग कॉलेजचा असतो आणि तो तिथेच भरायचा असतो. तो भरला नाही तर थकबाकी मुलाच्या नावावर चढते आणि परीक्षेच्या अर्जाच्या वेळी प्रश्न उभा राहतो. आईवडिलांना हे अगोदरच समजावून सांगितलेलं बरं.

एवढं सगळं वेळेवर झालं तरी पैसे येतात ते खर्च झाल्यानंतर. शासनाच्या सूचना आहेत की पात्र विद्यार्थ्याकडून शिष्यवृत्तीत मिळणारं शुल्क प्रवेशाच्या वेळी मागू नये. काही कॉलेजं हमीपत्र लिहून घेतात, काही पूर्ण फी मागतात. अशा वेळी सूचनेची प्रत घेऊन प्राचार्यांना लेखी अर्ज द्यावा, नुसतं तोंडी भांडून उपयोग होत नाही. पण वसतिगृहाची अनामत, पहिल्या महिन्याची मेस आणि पुस्तकं यांसाठी कुणी थांबत नाही. सरकारी वसतिगृहात जागा मिळाली तर उत्तमच. नाही मिळाली तर अनुसूचित जातीच्या मुलांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, आदिवासी मुलांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना, इतर मागास प्रवर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना, आणि अल्पभूधारक शेतकरी वा नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. या योजनांचे पैसेही खोली घेऊन, भाडं भरून, काही काळ गेल्यावरच येतात. म्हणून पहिल्या सहा महिन्यांचा खर्च कुठून निघेल याचं उत्तर आधी हवं. पुण्यात १९५५ पासून काम करणाऱ्या विद्यार्थी सहायक समितीसारख्या संस्था अल्प दरात राहण्या-जेवण्याची सोय करतात. रयत शिक्षण संस्थेच्या कॉलेजांत कर्मवीर भाऊराव पाटलांपासून चालत आलेली ‘कमवा आणि शिका’ योजना आहे, ती विद्यापीठांतही आहे. रोज दोन-तीन तासांचं काम, त्याचं मानधन, आणि शिक्षण चालू. त्यातून फी निघत नाही, पण मेसचं बिल निघू शकतं.

पैसा एकाच ठिकाणाहून आणि वेळेवर आला, असं फार थोड्यांच्या वाट्याला आलंय. डॉ. आंबेडकरांना १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या बडोदा संस्थानानं अमेरिकेतल्या शिक्षणासाठी तीन वर्षं दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, आणि त्याबदल्यात दहा वर्षं संस्थानाची नोकरी करण्याचा करार लिहून घेतला. मुदत संपली तेव्हा लंडनमधलं शिक्षण अर्धवट सोडून त्यांना १९१७ मध्ये परतावं लागलं. मग सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून शिल्लक टाकली, शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या मित्राकडून उसने घेतले, आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. एक शिष्यवृत्ती, एक नोकरी, एक आश्रयदाता आणि एक मित्र. आजच्या मुलालाही असेच तीन-चार धागे एकत्र वळावे लागतात, आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

त्यातला एक धागा शैक्षणिक कर्जाचा. आपल्याकडे कर्जाची भीती मोठी आहे आणि ती समजण्यासारखी आहे, पण हिशोब मांडून बघितला तर भीती जागच्या जागी बसते. ४ लाखांपर्यंतच्या कर्जाला बँकेनं तारण मागायचं नसतं. साडेसात लाखांपर्यंत सरकारी पतहमीची सोय आहे. शिक्षण चालू असताना आणि त्यानंतर साधारण एक वर्ष हप्ता नसतो. पण व्याज त्या काळातही चढत असतं, सरळ व्याजानं. समजा चार वर्षांच्या पदवीसाठी दरवर्षी सुरुवातीला १ लाख उचलले, व्याज १० टक्के. हप्ता सुरू होईपर्यंत पहिल्या लाखावर पाच वर्षांचे ५० हजार, दुसऱ्यावर ४०, तिसऱ्यावर ३०, चौथ्यावर २० हजार चढतात. एकूण १ लाख ४० हजार. म्हणजे ४ लाखांचं कर्ज फेडायला घेताना ५ लाख ४० हजारांचं झालेलं असतं. दहा वर्षांच्या मुदतीत त्याचा हप्ता साधारण ७,१३५ रुपये येतो. मधलं व्याज वेळच्या वेळी भरलं असतं तर तो ५,२८५ च्या आसपास आला असता.

हे मधलं व्याज सरकार भरू शकतं. कुटुंबाचं उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल आणि अभ्यासक्रम व संस्था अटींत बसत असतील, तर व्याज अनुदान योजनेत हप्ता नसलेल्या काळातलं पूर्ण व्याज केंद्र देतं. ६ नोव्हेंबर २०२४ ला मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना, निवडक (सुरुवातीला ८६०) दर्जेदार संस्थांपैकी एकीत प्रवेश असेल तर, १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलत आहे. वर्षाला १ लाख विद्यार्थ्यांना ती मिळते. वरच्या उदाहरणातल्या घराचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर त्याचे १ लाख ४० हजार वाचतात, पण बँकेत उत्पन्नाचा दाखला देऊन ते मागावे लागतात. मागितल्याशिवाय कुणी देत नाही, आणि बँकेतला अधिकारी आपण होऊन सांगेलच असं नाही.

केंद्राच्या इतर शिष्यवृत्त्या नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर आहेत. बारावीत आपल्या मंडळाच्या वरच्या २० टक्क्यांत येणाऱ्या आणि साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या मुलांना वर्षाला १२ हजार. तांत्रिक पदवी-पदविकेच्या मुलींसाठी एआयसीटीईची ‘प्रगती’, वर्षाला ५० हजार, एका कुटुंबातल्या दोन मुलींपर्यंत. दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी ‘सक्षम’, तेवढीच रक्कम. मात्र यांतल्या बऱ्याच योजना दुसरी सरकारी शिष्यवृत्ती किंवा शुल्क सवलत घेणाऱ्याला चालत नाहीत. १२ हजारांसाठी अर्ज करून ५० हजारांची सवलत घालवली, असं होऊ नये म्हणून दोन्हीकडच्या अटी समोर ठेवून मोठी रक्कम निवडावी.

पहिलं वर्ष पार पडलं की वाटतं आता सुरळीत होईल. पण महाडीबीटीवर दरवर्षी नूतनीकरणाचा अर्ज करावा लागतो, आणि उत्पन्नाचा दाखला दरम्यान संपलेला असतो. दुसऱ्या वर्षात गेल्यावर मुलं प्रॅक्टिकल आणि सबमिशनमध्ये गुंततात, कॉलेज नोटीस लावतं ती कुणी वाचत नाही, आणि पहिल्या वर्षी मिळालेली सवलत दुसऱ्या वर्षी नुसत्या विसरण्यामुळे जाते. खोलीतल्या चौघांपैकी एकानं नोटीस बोर्डावर लक्ष ठेवायचं आणि बाकीच्यांना सांगायचं, एवढी वाटणी मुलांनी आपसांत केली तरी पुरतं. चौथ्या वर्षी कर्जाची शेवटची उचल करताना बँकेतून खात्याचा पूर्ण उतारा घ्यावा, व्याज अनुदान खरंच जमा झालंय का ते त्यात ओळीनं तपासावं, आणि झालं नसेल तर नोकरी लागून हप्ता सुरू होण्याआधी लेखी तक्रार द्यावी.